उणे अठरातलं आगळ

खैरुद्दीनने फक्त एवढंच ठरवलं, की ऑफिसचं थोडं काम घरी न्यायचं. हे तर सगळेच ठरवतात. पण त्यापायी कुणाचे समोसे गुलाबी झाल्याचं ऐकिवात नाही.

काम बर्फाचं होतं. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या त्याच्या कंपनीला जॉर्जियातल्या एका हॉटेलची ऑर्डर आली होती. हॉटेलसमोरच्या चढाखाली पाइप गाडायचे, त्यांतून गरम पाणी फिरवायचं, की वर पडलेला बर्फ वितळतो. (खैरुद्दीनने आजवर बर्फ पाहिला तो फक्त मासळीवर.) पाइप जोडायची फिटिंग त्याने निवडायची होती: पान्याने आवळायची, की मशीनने दाबून बसवायची. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"खैरू, काँक्रीटखाली पाणी गळलं ना," त्याचे साहेब, नागेशसर, म्हणाले होते, "तर जानेवारीत तिकडे जाऊन खोदायचं तू. एकट्याने."

खैरुद्दीन रत्नागिरीचा. एसी बावीसवर गेला की मफलर शोधणारा माणूस. तीन आठवडे तो कॅटलॉग उशाशी घेऊन झोपला. शेवटी पाइपाचे दोन तुकडे गोल वळवून, टोकं फिटिंगने जोडून, त्यांची दोन कडी करून शारजाच्या फ्लॅटवर घेऊन आला. एकाची फिटिंग ऑफिसातल्या गणूने मशीनवर दाबून दिली होती, दुसऱ्याची त्याने स्वतः आवळली. आत भरण्यासाठी दोन्हींना घट्ट बुचाचं एक तोंड ठेवलं होतं. उणे अठरा डिग्री घरच्या फ्रीजरइतकी स्वस्तात कुठे मिळणार?

आत भरायचं काय, हा प्रश्न होता. असल्या पाइपांत न गोठणारं केमिकल घालतात. घरात न गोठणारं, शिवाय गळलं तर लगेच दिसेल असं लालभडक काय आहे? त्याची नजर कोकमाच्या आगळाच्या, म्हणजे खारवलेल्या रसाच्या, बाटलीवर गेली. त्यात मीठच एवढं, की बापजन्मात गोठणार नाही. खैरुद्दीनला स्वतःचा अभिमान वाटला. (असा तो वर्षातून दोनदा वाटतो, आणि दोन्ही वेळा बायकोला, शहनाझला, फरशी पुसावी लागते.)

फ्रीजरमध्ये शहनाझने रमजानसाठी करून ठेवलेले समोसे होते, दोन ट्रे भरून. शुक्रवारी रात्री त्याने एकेका ट्रेवर एकेक कडं ठेवून दिलं.

रविवारी नागेशसर इफ्तारला आले. अजानला दहा मिनिटं असताना किचनमधून हाक आली.

"अहो, जरा इकडे या."

एका ट्रेमधले समोसे पांढरे होते. दुसऱ्यातले लिपस्टिक लावल्यासारखे.

"हे काय?"

"रिझल्ट," खैरुद्दीन म्हणाला. "आवळायची फिटिंग फेल."

"खाण्यातलं आहे?"

"आगळ आहे. तुझ्या अम्मीने पाठवलेलं."

शहनाझने ओट्यावरची रिकामी बाटली उलटी करून पाहिली. "मी ते पुढच्या ईदपर्यंत पुरवणार होते."

"अम्मी, डोन्ट फ्राय दॅट," यम्ना, त्यांची लेक, दारातून म्हणाली. "इट्स एव्हिडन्स."

"तू खजूर घेऊन जा बाहेर," म्हणत शहनाझने कढई तापत ठेवली.

नागेशसरांनी सहा खाल्ले. तेही सगळे गुलाबी.

"वहिनी, हे आंबट काय घातलंय? कमाल आहे."

खैरुद्दीनला खोटं बोलवेना. (रोजा सुटला होता, पण दिवसभराची खरं बोलायची सवय राहिली होती.) त्याने सगळं सांगून टाकलं. नागेशसर सातवा समोसा हातात घेऊन थांबले.

"ते कडं आण बघू."

त्यांनी नट दोन बोटांनी फिरवला. फिरला.

"फिटिंग फेल नाही, खैरू. तू ती आवळलीच नाहीस."

"मग काँक्रीटखाली कुठली वापरायची, सर?"

"काँक्रीटखाली? तिथे जोड घालायचाच नसतो. एक अखंड पाइप. ड्रॉइंगच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. ते वाचावंस म्हणून तर खोदायची भीती घातली होती."

"मी दुसऱ्यापासून वाचलं. पहिल्यावर नुसत्या सूचना होत्या."

"फिटिंग लागतात त्या आत, मशीनच्या खोलीत. तिथे गळलंच तर बादली ठेवतील. गणूची मशीनवाली लिहून टाक. खलास."

खैरुद्दीनच्या खांद्यावरून अख्खं जॉर्जिया उतरलं. जानेवारी उतरला, फावडं उतरलं. त्या आनंदात त्याने चार समोसे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी नागेशसरांच्या बायकोचा, दर्शनाचा फोन आला. तिला रेसिपी हवी होती. शहनाझ शांतपणे सांगू लागली.

"सारण नेहमीचंच. वर आगळ, थेंब थेंब, दोन दिवस. नाही गं, चमच्याने नाही जमणार. एक पाइप घ्यायचा, एक फिटिंग घ्यायची, आणि ती आवळायला नवऱ्याला सांगायचं."

पलीकडून दर्शना काहीतरी म्हणाली. शहनाझने खैरुद्दीनकडे पाहिलं.

"नागेशभाऊंना नीट आवळता येतं? मग नाही होणार तुझ्याकडे. ट्रे इकडेच पाठव."