मंदाताईंच्या कादंबरीतला घोडा

"मी हे बोलणार नाही," म्हणत अवंतिकानं कागद ओट्यावर आपटला. "ह्याच्यात घोडा आहे."

"असू दे की! घोड्यानं तुझं काय घोडं मारलंय?" पोळी लाटता लाटता राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"आई, पुस्तकात घोडाच नाहीये. फक्त कव्हरवर आहे."

आता हे नीट सांगायला हवं. ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या मराठी वाचनालयात दर गणपतीत किशोर-वाचक स्पर्धा होते. मुलांनी एक किशोर कादंबरी वाचायची आणि तिच्याबद्दल आपलं मत मांडायचं. आपलं म्हणजे श्रीपादकाकांचं. मुलं शाळेत हिंदी, रस्त्यावर हिंदी, भांडतातसुद्धा हिंदीत; तेव्हा भाषण लिहून आणायला सगळ्या आया श्रीपादकाकांकडे धावतात. अख्ख्या लष्कर भागात शुद्ध मराठी लिहिणारा आपण एकच माणूस उरलो आहोत, असा काकांचा स्वतःबद्दल समज आहे. पुस्तक वाचण्यात मात्र ते वेळ घालवत नाहीत. मुखपृष्ठ बघतात आणि लिहायला बसतात.

यंदाची कादंबरी वाचनालयाच्या ग्रंथपाल मंदाताईंनी स्वतः लिहिलेली. ग्वाल्हेरची सोळा वर्षांची वैदेही शिकायला पुण्याला जाते, अशी सरळ गोष्ट. छापखानेवाल्यानं मात्र मराठी पुस्तक म्हटल्यावर कव्हरवर एक उधळलेला घोडा टाकून दिला. वैदेही बिचारी रेल्वेनं गेली होती.

"बोल गं बाई तेवढं," राजलक्ष्मीबाई काकुळतीला आल्या. "मी सगळ्या मोहल्ल्याला सांगून बसलेय, आमची अवी पहिली येणार म्हणून. आणि तुला ते मोठं कपाट हवंय ना?"

इथे अवंतिकानं कागद परत उचलला. वाचनालयात अठरा वर्षांखालच्यांना फक्त किशोर विभागाचं कपाट उघडं. मोठं कपाट कुलपात. हा नियम अध्यक्ष तात्यासाहेबांचा. अवंतिकानं किशोर कपाट केव्हाच संपवलं होतं आणि काचेआडची ती जाड जाड पुस्तकं बघून तिचा जीव नुसता तडफडत होता. यंदा पहिल्या बक्षिसाला मोठं कपाट खुलं होणार होतं. म्हणजे घोडा गिळला की काम फत्ते.

संध्याकाळी वाचनालय भरलं. तात्यासाहेब पितळी घंटा घेऊन बसले होते, शेजारी परीक्षक म्हणून मंदाताई. हिंदी शब्द आला की घंटा, आणि एक गुण कमी. इंग्रजी शब्दांना सूट होती. ते काय, येतातच, असं तात्यासाहेबांचं म्हणणं.

पहिला समरजीत उठला. "कादंबरीतील त्या स्वामीनिष्ठ अश्वाचे बलिदान वाचताना माझे डोळे पाणावले," एवढं म्हणून त्यानं डोळे पुसले. सभागृहात टाळ्या. मंदाताई दचकल्या. त्यांनी आपलं पुस्तक उघडून दोन-चार पानं चाळली.

मग उन्नती. "कादंबरीतील त्या स्वामीनिष्ठ अश्वाचे बलिदान वाचताना..." काकांनी यंदा कंटाळा करून एकच भाषण सगळ्यांना वाटलं होतं. पण ऐकणाऱ्यांपैकी पुस्तक कोणी वाचलेलं होतं थोडंच? समोरच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "फार गुणी घोडा हो!"

अवंतिका उठली. हातात तोच कागद. तिनं मंदाताईंकडे पाहिलं. त्या बिचाऱ्या अजून घोडा शोधत होत्या. अवंतिकाला कसंतरीच झालं. तिनं कागदाची घडी करून खिशात टाकली.

"ह्या पुस्तकात घोडा नाही," अवंतिका म्हणाली. "मी पूर्ण वाचलंय. सुरुवात मस्त आहे. लेकिन..."

टण्!

"लेकिन शेवट मला बिलकुल पसंत नाही आला."

टण्! टण्! "बिलकुल"वर तात्यासाहेब जरा घुटमळले, पण वाजवली.

"पुण्यात सगळे वैदेहीच्या मराठीला हसतात. हिंदी मिसळते म्हणून. तर ती काय करते? माफी मागते! मतलब, कशाची माफी?" टण्! "शेवटच्या पानावर तर ती आरशासमोर उभी राहून शुद्ध बोलायची प्रॅक्टिस करते, आणि सगळे खूश. मला इतका गुस्सा आला ना!" टण्! "माझी आजी असंच बोलायची. आई फोनवर अशीच बोलते. इथे बसलेले सगळे घरी असेच बोलतात, आणि वर्षातून एक दिवस इथे येऊन नाटक करतात!"

"अवी, खाली बस," राजलक्ष्मीबाई दातओठ खात कुजबुजल्या.

"नाही बसत! वैदेही बसली म्हणून तर पुस्तक बिघडलं. मी असते ना, तर म्हणाले असते, हसा तुम्ही, मी अशीच बोलणार. वाजवा तात्यासाहेब, अजून वाजवा!"

तात्यासाहेबांचा पारा चढला. ते ताडकन उठले आणि गरजले, "बस! बहुत हो गया! चुपचाप बैठ जाओ!"

मंदाताईंनी शांतपणे हात लांबवून टेबलावरची घंटा उचलली.

टण्. टण्. टण्.

सभागृह असं हसलं की मखरातल्या माळा हलल्या. तात्यासाहेब खाली बसले.

"पहिला नंबर अवंतिकाचा," मंदाताई म्हणाल्या.

"अहो, पण तिचे गुण..."

"माझं पुस्तक वाचून आलेली ती एकटी आहे. मला राग आलाय तिचा, झोंबलंय मला ते. शेवट बदलायचा की नाही ते मी बघेन. पण कपाट आत्ता उघडायचं."

सगळे कपाटापाशी गोळा झाले. अवंतिकानं किल्ली घातली. किल्ली फिरेना. समरजीतनं जोर लावला, श्रीपादकाकांनी फुंकर मारली. कुलूप ढिम्म. आतून पार गंजलेलं.

"ह्याला झालं तरी काय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"होणार काय?" मंदाताई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत मोठ्यांपैकी कोणी पुस्तक मागितलंच नाही. तुम्हीसुद्धा नाही."

कोणी कोणाकडे बघेना. अवंतिका तेवढी तात्यासाहेबांकडे बघत होती. ते कानापर्यंत लाल झाले. बाह्या सरसावून पुढे आले, हातोडी मागितली, ती नव्हती. मग त्यांनी टेबलावरची पितळी घंटाच उचलली आणि कुलपावर हाणली.

टण्!

"खुल जा कमबख्त!" तात्यासाहेब ओरडले. टण्! "खुलता कैसे नहीं!" टण्!

"शाब्बास आजोबा," अवंतिका म्हणाली, "और ज़ोर से!"