काळुरामनानांची आफ्रिका

काळुरामनाना रोज सकाळी अंगणात जीपच्या सीटवर बसून स्वतःच्याच म्हशी दुर्बिणीतून बघायचे. म्हशी समोर चिंचेखाली, हाकेच्या अंतरावर. सीट भंगारवाल्याकडून आणलेली, तिच्या स्प्रिंगा वर आलेल्या. दुर्बीण म्हसा गावच्या जत्रेतली, एका डोळ्यात कायमचं धुकं. एवढ्या थाटात नाना बसले की हलायचे नाहीत. कोणी हाक मारली तर ओठांवर बोट ठेवायचे.

"हालचाल झाली का जनावर बुजतं," असं ते नंतर समजावून सांगत. म्हशी मात्र निवांत रवंथ करत त्यांच्याकडे बघत राहायच्या. त्यांच्या चेहऱ्यावरून त्या बुजल्यासारख्या कधी दिसल्या नाहीत.

नानांना आफ्रिकेला जायचं होतं. सिंह, हत्ती, जिराफ बघायला. शहापूर तालुका सोडून मुरबाडपलीकडे फारसा न गेलेला हा माणूस नव्वदचं दशक संपता संपता आफ्रिकेची तयारी करत होता. "तयारी पायजे," हे त्यांचं पालुपद. तिकडे सकाळच्या उघड्या जीपमध्ये थंडी वाजते असं कोणीतरी सांगितलं, तर त्याच जत्रेतून घोंगडी आली. जीप आदळते म्हणून सीटवर बसायचा सराव. जेवण कसलं मिळेल याचा भरवसा नाही म्हणून तांदळाची भाकरी किती दिवस टिकते याचा प्रयोग. त्या भाकरीचा शेवटी दगड झाला आणि तो म्हशींनीही नाकारला.

नाक्यावरच्या टपरीत नानांचा विषय निघाला की लोकांना चहा गोड लागायचा. हायवेकडची जमीन विकून म्हाताऱ्याच्या डोक्यात हवा गेली, असं सगळ्यांचं मत. मी हसायचे नाही. एक तर मी त्यांची शेजारीण, आणि दुसरं म्हणजे नाक्यावरचं फोनचं बूथ माझं. बूथवाल्या बाईला गावाचं जे माहीत असतं, त्यावर हसून चालत नाही.

नानांना एकच मुलगी, तारा. ती चौथीत असताना तिची आई गेली. त्यानंतर पोरीची वेणी नानाच घालायचे. ती कधी सरळ आली नाही. शाळेत बाई ती वेणी सोडून पुन्हा घालायच्या आणि तारा घराजवळ आली की ती उसकटून पुन्हा बापानं घातल्यासारखी वाकडी करून घ्यायची. पुढे ती नर्स झाली, आणि आसनगावच्या एका बौद्ध मुलाशी तिनं लग्न केलं. मुलगा इलेक्ट्रिशियन, चांगला, निर्व्यसनी. पण नाना कुणबी आणि भावकी मोठी. भावकी जमली आणि नाना भर माणसांत बोलून गेले, "तिच्या दारात पाय ठेवनार नाय." काळुराम शब्दाचा पक्का, ही त्यांची पंचक्रोशीत ख्याती. त्या ख्यातीनंच घात केला. जावई कामानिमित्त नैरोबीला गेला, मागोमाग तारा गेली, आणि शब्द इथं नानांच्या गळ्यात राहिला.

दर रविवारी ताराचा फोन माझ्या बूथवर यायचा. "सुनंदाकाकी, नाना बरे आहेत ना?" बरोबर त्याच वेळी नाना बाहेरच्या बाकावर येऊन बसलेले असायचे. फोन ठेवला की रस्त्याकडे बघत विचारायचे, "काय म्हंतंय आफ्रिकेचं हवामान?"

"बरं आहे हवामान," मी सांगायचे. "जरा सर्दी झाली होती."

एका रविवारी मी म्हटलं, "नाना, हवामानाला मुलगी झाली."

नाना उठले. पुन्हा बसले. मग म्हणाले, "म्हशींना पेंड घालायची र्‍हायली," आणि घराच्या उलट्या दिशेनं चालू लागले. त्यानंतरच ती दुर्बीण आली.

कल्याणहून ट्रॅव्हल कंपनीचा एक माणूस नानांकडे आला तेव्हा मलाही बोलावणं होतं. त्यानं चकचकीत चित्रं पसरली. सरकारी जंगलात गर्दी असते, नाना, हे खासगी आहे, मालकाचं, तिथं आपण आणि जनावरं, बस्स.

"जंगलाला मालक?" नानांना ते पटेना. "आमच्याकडं फॉरेस्टवाले असतात. मालक कसला? वाघ त्याच्या सातबाऱ्यावर हाय का?"

मग ते खऱ्या प्रश्नांवर आले. त्या जंगलाला दार आहे का? माणूस म्हणाला, फाटक आहे. फाटक कोणाच्या नावावर? मालकाच्या. राहायचं कुठं? तंबूत. तंबूला उंबरा असतो का?

"उंबरा?" त्या बिचाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "नाही हो. तंबूला कसला उंबरा?"

"मंग कर बुक," नाना म्हणाले.

माझ्या तेव्हा लख्ख ध्यानात आलं. हे जंगल नैरोबीपासून जीपनं जाण्यासारखं होतं. ताराच्या दारात पाय ठेवायचा नाही असा शब्द होता, पण जंगलात तिचं दार नव्हतं. तिथं तारा पोरीला घेऊन आली असती, नानांनी नात बघितली असती, आणि शब्दालाही धक्का लागला नसता. सिंहाबिंहाचं नानांना काडीचं अप्रूप नव्हतं. त्या माणसाला मी उगाचच आणखी एक कप चहा दिला.

पुढच्या रविवारी नाना बाकावर न बसता थेट बूथच्या काचेशी उभे राहिले. "तिला सांग, आमी जंगलात येतोय. पोरीला घेऊन ये म्हनावं. लांबून बघीन आन जाईन."

मी जसंच्या तसं सांगितलं. मग तारा म्हणाली, "काकी, नानांना फोन द्या."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा नानांनी तो फोन कानाला लावला. तारा एवढ्या मोठ्यानं बोलत होती की मला काचेबाहेरही ऐकू येत होतं.

"मी काय जनावर हाय, नाना? जीपमधनं लांबून बघायला येताय?"

नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आसनगावला माझी सासू एकटीच र्‍हाते. ते माझंच घर. रिक्षानं जाता येतं तिथं. आधी तिच्या घरात जाऊन चा पिऊन या, मंग आफ्रिकेचं बघू. तिथवर आलात तरच माझ्यापर्यंत आलात."

नानांनी फोन ठेवला. त्यानंतर अंगणातली सीट रिकामीच दिसू लागली. सकाळी म्हशी तिच्याकडे बघत उभ्या असायच्या, पण नाना घरातून बाहेर येत नसत. मला भीती वाटू लागली की आता हा माणूस आफ्रिकाही सोडणार आणि मुलगीही.

एका सकाळी नाना माझ्या दारात उभे. धुतलेलं धोतर, टोपी, हातात नव्या तांदळाची पिशवी आणि नारळ. विहिणीकडे पहिल्यांदा जाताना रिकाम्या हातानं जात नाहीत.

"चल गो, सुनंदा. मला एकट्याला जमनार नाय."

रिक्षात मी विचारलं, "भावकीनं विचारलं तर काय सांगाल?"

"सांगीन, आफ्रिकेच्या वाटेवर लागतंय आसनगाव."

विहीणबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. आम्हाला बघून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. नानांना त्यांनी ओळखलं, हे उघड होतं. शांतपणे त्यांनी विचारलं, "आत येता, का भाईरच खुर्ची टाकू?"

विचारण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते मला फार लागलं. आयुष्यभर त्यांना हा प्रश्न विचारावा लागला असणार.

नाना उंबऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वाकून चपला काढल्या, भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि म्हणाले, "आतच येतो."

चहा आला. नानांनी तो बशीत ओतून सगळा प्यायला, तळातला साखरेचा गाळसुद्धा. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि त्यांच्याखाली ताराच्या लग्नाचा फोटो. नाना लग्नाला नव्हते. फोटोत तारा पांढऱ्या पातळात उभी होती, त्यांच्यात नवरी नेसते तशी. आमच्याकडे नवरीच्या अंगाला पांढरं लावत नाहीत. नाना उठून फोटोपाशी गेले तेव्हा मी कप खाली ठेवला.

ते खूप वेळ बघत होते. पाठमोरे असल्यानं मला चेहरा दिसत नव्हता, फक्त टोपीखालची मान हलताना दिसत होती.

"पांढरं पातळ बरं दिसतंय तिला," नाना म्हणाले.

विहीणबाईंनी फोटो खिळ्यावरून काढला, पदरानं काच पुसली आणि त्यांच्या हातात दिला.