साडूची सायकल, सासऱ्यांचे दात

बसस्टॉपवर शांतपणे उभं राहून बसची वाट बघणं ज्यांना जमतं, त्या लोकांबद्दल मला फार आदर आहे. पिशवी खाली ठेवतात, रस्त्याकडे तोंड करतात आणि बस येईपर्यंत तसेच उभे राहतात! मला नाही जमत. माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी आहे. चहा उकळेपर्यंत मी खाली जाऊन वॉचमनशी वाद घालून परत येतो. ऑफिसात साहेबांनी माझी खुर्ची मुद्दाम दाराशी टाकली आहे, म्हणजे माझ्या येण्याजाण्याने बाकीच्यांचे कागद उडू नयेत. (आमच्या लग्नाच्या बहुतेक फोटोंत बायको स्पष्ट आहे आणि तिच्या शेजारी काहीतरी हललेलं आहे. ते मी.)

तर त्या सकाळी मी एक छोटासा निर्णय घेतला. बसने न जाता सायकलने जायचं. एवढंच.

पण माझ्या शर्टाच्या खिशात सासऱ्यांचे दात होते, हे आधी सांगायला हवं.

माझे सासरे गुरांचे डॉक्टर. उभा जन्म खेड्यात, गोठ्यागोठ्यांतून हिंडण्यात गेला. त्या दिवशी ते निवृत्त होत होते आणि दुपारी त्यांच्याच अंगणात निरोपाचा कार्यक्रम होता. पंचक्रोशीतले शेतकरी येणार होते. "आयुष्यभर जनावरांशी बोललो, आता एकदा माणसांशी बोलतो," असं म्हणत ते महिनाभर भाषण पाठ करत होते. तालीम चालायची गोठ्यात, गाईंसमोर. आदल्या संध्याकाळी 'कृतज्ञता' या शब्दावर त्यांनी इतका जोर दिला की वरची कवळी उडून गवतात पडली आणि सगळ्यात म्हाताऱ्या गाईने त्यावर पाय ठेवला.

कवळी दुधाच्या गाडीतून शहरात आली. दातांच्या डॉक्टरांनी ती रातोरात जोडली. आमच्या घरचे सगळे आधीच गावी गेलेले, मी एकटा मागे राहिलेलो. साहजिकच कामगिरी माझ्यावर आली.

सकाळीच बायकोचा फोन.

"मिळाले दात?"

"मिळाले. खिशात आहेत."

"बाबा खोली लावून बसलेत. म्हणतात, दात आल्याशिवाय बाहेर येणार नाही. कुणाशी बोलत नाहीयेत. पाटीवर लिहून चहा मागितला."

"अगं, आलोच मी."

"बसने ये."

"हो."

"बसनेच ये."

"हो म्हटलं ना!"

मला वाईट वाटलं. सासरे माझे फार लाडके. महिनाभर घोकलेलं भाषण आणि ऐन वेळी तोंडात शब्द धरायला दात नाहीत! स्टॉपवर जाऊन उभा राहिलो, तर बस येईना. तिथल्या कंट्रोलरला विचारलं, "बस कधी येईल?"

"येईल."

"पण कधी?"

"आली की दिसेल ना तुम्हाला."

मी घरी गेलो आणि साडूची सायकल काढली.

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. आम्ही त्याला चॅम्पियन म्हणतो, म्हणजे तोच तसं म्हणायला लावतो. दर रविवारी तो शेताशेतांतून मैलोन्‌मैल सायकल हाणतो आणि सोमवारी सगळ्यांना नकाशे पाठवतो. मागच्या आठवड्यात तो आमच्याकडे सायकलवर आला आणि परत जाताना पाय दुखतात म्हणून गाडीने गेला. (ते नकाशात आलं नव्हतं.) सायकल, हेल्मेट आणि खास बूट आमच्याच व्हरांड्यात ठेवून गेला, वर दम देऊन, "हात लावू नकोस हं, नाजूक आहे."

त्या सायकलच्या पेडलवर साधी चप्पल ठरत नाही. खास बूटच लागतात. बुटाच्या तळव्याला एक खटका असतो, तो पेडलमध्ये टक् करून बसतो. मी कंपाउंडच्या भिंतीला धरून डावा पाय टक्, उजवा पाय टक् केला. काय गोड आवाज! ढकलली आणि निघालो. खटका काढायचा कसा, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. बसवता आला म्हणजे काढताही येईल, असं मी धरून चाललो. (लग्नाच्या वेळीही माझा विचार साधारण याच दिशेने गेला होता.)

शहर संपलं आणि मी अक्षरशः हरखलो. दोन्ही बाजूंना शेतं, मधूनच झाडांची रांग आणि चिटपाखरू नसलेला, वर चढणारा, खाली उतरणारा चिंचोळा रस्ता. उतारावर शर्ट फुगत होता. खिशात डबीत कवळी खुळखुळत होती, प्रत्येक खड्ड्याला सासरेबुवा माझ्या छातीशी दात वाजवत होते. बसमधली माणसं आता कुठे तिकिटासाठी सुट्टे शोधत असतील, या विचाराने मला भलता आनंद झाला.

वळण घेतलं तर समोर गाई. आख्खा रस्ता भरून निवांत चाललेल्या.

मी ब्रेक दाबला. सवयीने डावा पाय खाली टाकायला गेलो. पाय हलेना! उजवा ओढला. तोही हलेना! सायकल तिरकी व्हायला लागली आणि मला एकदम लख्ख कळलं, की पडलो तर छातीवर पडणार आणि छातीवर भाषण आहे. मी हात लांब करून शेवटच्या गाईच्या पाठीवर ठेवला. बिचारी काही बोलली नाही. आम्ही दोघं बरोबर चाललो. थोड्या वेळाने मात्र तिने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, की मीच शरमून हात काढला आणि मोकळ्या झालेल्या कडेने जिवाच्या आकांताने पेडल मारत सुटलो.

तेव्हापासून माझा एकच धर्म उरला: थांबायचं नाही. आयुष्यभर मला लोक सांगत आले, जरा थांब, दम खा, बस घटकाभर. आणि आता पहिल्यांदाच मला मनापासून थांबायचं होतं, तर सोय नव्हती! तेवढ्यात मोठा चढ आला. चढावर वेग कमी होतो, आणि वेग संपला की माणूस आडवा होतो, एवढं विज्ञान मलाही येतं. मी अगदी पडायच्या बेतात होतो तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. मी त्याच्या ट्रॉलीची कड पकडली.

ट्रॅक्टरवाल्याने वळून बघितलं. "पाहुणे, उतरा की! सायकल टाका ट्रॉलीत."

"उतरता येत नाही!"

"का?"

"पाय अडकलेत!"

"मग चढलात कशाला?"

"डॉक्टरांकडे जायचंय! मी त्यांचा जावई! माझ्या खिशात त्यांचे दात आहेत!"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग चढ संपल्या संपल्या ट्रॅक्टर असा काही पळवला की मला ट्रॉली सोडावीच लागली. तोही कार्यक्रमालाच चालला होता. माझ्या आधी पोचून त्याने तिथे जाहीर केलं, की डॉक्टरांचे जावई सायकलवर येताहेत, गडी पेटलाय, थांबायला तयार नाही.

त्यामुळे शेवटचा उतार उतरून मी अंगणाच्या फाटकातून आत घुसलो, तेव्हा लोक खुर्च्यांवरून उठून टाळ्या वाजवत होते.

अंगण मोठं होतं. मध्ये खुर्च्या, माइक, फुलं. एका बाजूला गोठा आणि गुरांच्या पाण्याचा हौद. मी खुर्च्यांना वळसा घातला. दुसरं करणार काय? लोकांना वाटलं, सलामी देतोय. टाळ्या वाढल्या.

बायको धावत पुढे आली. "बस कुठाय?"

"पाय निघत नाहीये!" एवढं बोलेपर्यंत मी तिच्यापुढून गेलेला.

पुढच्या फेरीला तिने विचारलं, "कुणाचा पाय?"

"माझा! दोन्ही!"

"बसने ये म्हटलं होतं ना?"

"अगं, हे आत्ताच बोलायचंय का?"

त्यापुढच्या फेरीला साडू आडवा आला. "माझी सायकल! अरे, माझे बूट!" तो सीट पकडायला मागे धावला. त्याने धक्का दिला तर मी छातीवर पडणार, म्हणून मी आणखी जोरात मारली. तो मागे, मी पुढे. लोकांना वाटलं, शर्यत लागली. ट्रॅक्टरवाला शिट्ट्या मारायला लागला. सासूबाई खिडकीतून ओरडल्या, "जावईबापू, चहा घेऊन मग खेळा! आधी दात द्या, हे आत रडकुंडीला आलेत!"

शेवटी बायकोच कामाला आली. ती चक्क माझ्या वाटेत ओढणी पसरून उभी राहिली. "टाक! आधी बाबांचे दात टाक!"

मी एका हाताने डबी काढली, डोळे मिटले आणि फेकली. (शाळेत मला कुणी कधी चेंडू दिला नाही. बरोबरच होतं त्यांचं.) डबी भलतीकडेच गेली, पण बायकोने झेप घेऊन ती ओढणीत झेलली आणि तशीच आत पळाली. अंगणातून असा जल्लोष उठला की काय सांगू! मला भरून आलं. भाषण वाचलं होतं.

"टाच बाहेर वळव!" साडू धापा टाकत ओरडला. "टाच! बाहेरच्या बाजूला!"

हे तीन शब्द त्याने मागच्या आठवड्यात सांगितले असते तर! मी टाच वळवली. पण माझ्या स्वभावात एकेक असं काही नसतं. दोन्ही टाचा एकदम वळवल्या. टक्, टक्. दोन्ही पाय एकदम मोकळे झाले, सायकल सरळ गेली आणि साडूने ती हळुवार मिठीत घेतली. मी हौदात गेलो.

चार जणांनी मला बाहेर ओढलं आणि माइकशेजारी जमिनीवर आडवं केलं. कान बंद, डोळ्यांत पाणी, नाकात पाणी. आणि मग त्या अंगणात इतकी वर्षं जी हाक मारली गेली, तीच कुणीतरी सवयीने मारली, "डॉक्टर! अहो डॉक्टर, लवकर या!"

दार उघडलं. सासरे बाहेर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, तोंडात दात. गुडघ्यावर बसले. त्यांनी माझ्या पापण्या ओढून बघितल्या, पोटाला चारी बाजूंनी दाबून बघितलं, जबडा उघडून आतले दात तपासले, पायांच्या चारही सांध्यांवरून हात फिरवला. ते इतकं मायेने करत होते की मला तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

सगळे शेतकरी वाकून बघत होते. "कसं आहे हो डॉक्टर?" कुणीतरी विचारलं आणि दुसऱ्या कुणीतरी उत्साहाच्या भरात माइक त्यांच्या तोंडापुढे धरला.

सासरे उठले. महिनाभर पाठ केलेलं भाषण त्यांच्या डोक्यात होतं, ते ओठांवर आलेलंही मला दिसलं. पण समोर पेशंट असला की त्यांना दुसरं काही सुचत नाही. लाउडस्पीकरवरून एकेक अक्षर स्वच्छ, खणखणीत, पार पलीकडच्या शेतापर्यंत गेलं:

"घाबरू नका. जनावर ठणठणीत आहे. फक्त दोन दिवस बांधून ठेवा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक म्हणाले, निरोपाचं इतकं नेमकं भाषण आजवर ऐकलं नाही. बायकोने गर्दीतून वाट काढत पुढे येऊन वडिलांच्या तोंडापुढचा माइक घेतला. माझी काळजी तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

"बाबा," तिने विचारलं, "दोनच दिवस?"