झाकण उघडण्याचे कारण

शहराच्या श्वानगृहाला डीप फ्रीझर मंजूर झाला, तेव्हा तिथल्या मॅनेजरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तोवर तिथलं कामकाज अत्यंत मागासलेलं होतं. खाटीक सकाळी मांस टाकून जाई आणि कुत्री ते दुपारच्या आत फस्त करत. शिळं व्हायला मांसाला सवडच मिळत नसे. त्यामुळे साठवणुकीचं शास्त्र विकसित होण्याचा प्रश्नच नव्हता.

मॅनेजर प्रशिक्षणाला गेले ते वेगळेच होऊन परत आले. कच्चं मांस एकेका वेळेपुरतं चपट्या पुड्यांत भरावं, म्हणजे लवकर गोठतं. पुडीतली हवा काढावी, वर तारीख घालावी, तापमान उणे अठरा राखावं. वितळवायचं ते ओट्यावर नाही, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. आणि एकदा वितळलेलं मांस पुन्हा गोठवायचं नाही, म्हणजे नाही. हे सगळं त्यांना इतकं तोंडपाठ झालं, की झोपेतसुद्धा ते "हवा काढा, हवा काढा" म्हणून ओरडतात, अशी त्यांच्या बायकोची तक्रार होती.

घोडं पेंड खाई ते वेगळ्याच नियमापाशी. जुनी पुडी आधी वापरावी, असा तो नियम. जुन्या पुड्या तळाशी, नव्या वर. तळ गाठेपर्यंत फ्रीझरचं झाकण उघडं राही, पारा चढे आणि फ्रीझर बोंब ठोके. फ्रीझर ओरडला की कुत्रीही ओरडत, कारण बोंब म्हणजे जेवण एवढं शास्त्र त्यांनीही आत्मसात केलं होतं.

फ्रीझरचा पारा मुख्य कार्यालयाला परस्पर कळे. तिथल्या शीतकरण अधिकाऱ्यांचा फोन आला.

"पारा वर का गेला?"

"झाकण उघडलं होतं, सर."

"का उघडलं?"

"मांस काढायला."

"मांस कशाला काढलंत?"

"कुत्र्यांना द्यायला, सर."

पलीकडे हे कारण नोंदवून घेतलं गेलं. मग अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाले, "ठीक आहे. पहिलीच वेळ आहे. पुन्हा असं होऊ देऊ नका."

मॅनेजर पापभीरू माणूस. त्यांनी झाकण आठवड्यातून एकदाच उघडायचं ठरवलं. तरी त्या एका दिवशी पारा चढायचाच. मग त्यांनी महिन्यावर आणलं, आणि शेवटी सरळ कुलूपच ठोकलं. पारा उणे अठरावर असा ठाण मांडून बसला, की मुख्य कार्यालयाने फोन करून अभिनंदन केलं. फ्रीझर काठोकाठ भरलेला असल्याने खाटकाचं येणंही बंद झालं. ताज्या मांसाला नियमांत जागाच नव्हती. कुत्र्यांना दूध-पाव सुरू झाला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तपासणीला आल्या. त्यांनी कुत्र्यांच्या बरगड्या चाचपल्या आणि मॅनेजरांना फ्रीझरपाशीच गाठलं.

"मांसाची तब्येत छान राखलीत हो," त्या म्हणाल्या, "कुत्र्यांचीच तेवढी खालावलीय. आणि त्या राणीसरकारचं दूध आटत चाललंय. पाच पिल्लं लुचतायत तिला. पावावर कसं निभायचं?"

राणीसरकार म्हणजे एका कानाची कुत्री, मॅनेजरांची भारी लाडकी. ते कासावीस झाले. "पण बाई, मांस बाधून एकही कुत्रं आजारी पडलेलं नाही, हे तर मान्य कराल?"

"खाल्लं तर बाधणार ना!"

"तेच तर मी म्हणतोय," मॅनेजर म्हणाले.

तरी त्या दिवसापासून ते आपला जेवणाचा डबा राणीसरकारपुढे ठेवू लागले. ती भाजी हुंगायची आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून एखादा घास खायची. मॅनेजरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत. कुलपाची किल्ली काही खिशातून बाहेर निघेना.

अशातच श्वानगृहाला आदर्श साठवणुकीचं पारितोषिक जाहीर झालं. मोठे साहेब जातीने आले. सोबत शीतकरण अधिकारी आणि एक फोटोग्राफर.

"हे झाकण कधीच उघडत नाहीत म्हणे," मोठे साहेब म्हणाले. "उघडा बरं, खात्री करून घेऊ."

झाकण उघडलं. फ्रीझरने बोंब ठोकली, मागच्या पिंजऱ्यांतून कुत्र्यांनी सूर धरला. आतलं फोटोत नीट दिसेना, म्हणून पुड्या टेबलावर मांडल्या. त्यांच्यामागे उभं राहून मोठ्या साहेबांनी काटकसर आणि संयम या विषयावर भाषण सुरू केलं. ते लांबलं. चपट्या पुड्या जितक्या लवकर गोठतात तितक्याच लवकर वितळतात. टेबलावरून गुलाबी पाणी साहेबांच्या बुटावर ठिबकलं, तेव्हा भाषण आटोपलं.

"ठेवा परत आत."

"परत गोठवता येत नाही, सर," शीतकरण अधिकारी पुटपुटले. "नियम आहे. आजच्या आज, जागेवर, अधिकाऱ्यांसमक्ष नष्ट करावं लागतं. मागमूस उरता कामा नये."

उभ्या नोकरीत पहिल्यांदाच नियम आणि राणीसरकार मॅनेजरांना एका बाजूला दिसत होते.

"सर, नष्ट करायची यंत्रणा आहे आमच्याकडे."

"कधीपासून?"

"फ्रीझरच्या आधीपासून."

पिंजरे उघडले. राणीसरकार खात होती, पिल्लं तिच्या पोटाला लुचत होती आणि मॅनेजर सगळ्यांदेखत डोळे पुसत होते. मोठ्या साहेबांनी वाकून फरशी पाहिली. तीसुद्धा चाटून लख्ख झाली होती.

"इतक्या पोटतिडकीने काम करणारी यंत्रणा मी पाहिली नाही!" साहेब म्हणाले. "फ्रीझर पुन्हा भरून घ्या. असंच प्रात्यक्षिक परत करू."

"कधी, सर?" मॅनेजरांनी अधीर होऊन विचारलं.

"पुढच्या वर्षी."

संध्याकाळी मॅनेजर पारितोषिकाची ढाल घेऊन घरी आले. बायकोने ती काचेच्या कपाटात, लग्नात आलेल्या टीसेटशेजारी ठेवली आणि कपाट लावून घेतलं. चहा आला तो कान तुटलेल्या कपात.

"आज तरी त्या चांगल्या कपातून दे की."

"आणि फुटला म्हणजे? पाहुण्यांसाठी ठेवलाय तो."

"कोण पाहुणे?"

"येतील कुणीतरी."

मॅनेजरांनी चहा त्याच कपातून प्यायला. तुम्हीही तसाच पिता. त्यांना हसून झालं असेल, तर उठा आणि आपल्या घरातलं ते कपाट उघडा. किल्ली कुठे ठेवलीय ते आठवलं, तर.