चारी बाजूंनी एक जास्त

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही एका गल्लीत राहता. गल्ली अरुंद आहे. दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला भिंतीला चिकटावं लागतं. गल्लीत सतरा घरं आहेत, एक शिंप्याचं दुकान आहे आणि दोन्ही बाजूंना अशी दाट झाडं आहेत की भर दुपारी शिंप्याला दिवा लावून सुईत दोरा ओवावा लागतो. रोज तुम्ही याच गल्लीतून बाहेर पडता आणि याच गल्लीतून घरी येता. आणि एके दिवशी खुर्चीत बसलेला एक माणूस तुम्हाला सांगतो, की अशी गल्लीच नाही.

आता खरं सांगा, तुम्हाला राग येईल की नाही?

मुंगीच्या आजोबांना आला. तळपायापासून निघाला तो थेट टकलापर्यंत पोचला.

मुंगी म्हणजे त्यांची अकरा वर्षांची नात. सतत इकडून तिकडे चालू असायची, म्हणून मुंगी. आणि आजोबांना सगळे म्हणायचे साखळीआजोबा, कारण त्यांनी अडतीस वर्षं मोजणी खात्यात काढली होती. लोखंडी साखळी टाकून जमिनी मोजायच्या, कुणाची हद्द कुठे संपते ते सांगायचं, आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, असं ते काम.

तर खुर्चीतला माणूस होता शाळेच्या बसचा कारकून. शाळा सुरू व्हायला आठवडा होता आणि बस कुठेकुठे थांबणार याची यादी तो करत होता.

"आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबा लिहा," आजोबा म्हणाले.

कारकुनाने संगणकावर नकाशा पुढेमागे सरकवला. "कुठली गल्ली, आजोबा? इथे काही नाही."

"काही नाही म्हणजे? काल मी तिथे झोपलो होतो. मग कुठे झोपलो मी?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"अहो, सतरा घरं आहेत!"

"असतील. मी नाही म्हणतच नाही. नकाशा नाही म्हणतो. नकाशात नसलेल्या जागी मी बस थांबवली तर उद्या मला विचारतील. यादी उद्या बारा वाजता बंद होणार. तोवर नकाशात दाखवा, मी लिहून घेतो. नाहीतर मोठ्या रस्त्यापलीकडे एक थांबा आहे, तिथे पोरीला सोडत जा."

मोठ्या रस्त्यावरून दिवसभर मालाचे ट्रक धावायचे. मुंगीच्या आईने घरी ऐकलं मात्र, हातातला कप खाली ठेवला. "मी तो रस्ता तिला एकटीला ओलांडू देणार नाही. मला सकाळी सातला कामाला बसायचं असतं, आणि बाबा, तुमच्या गुडघ्यांचं तुम्हाला माहीतच आहे. बस नसेल तर कोपऱ्यावरच्या शाळेत नाव घालू."

कोपऱ्यावरच्या शाळेत संगणकाची खोली नव्हती. मुंगीची जिवलग मैत्रीणही नव्हती. मुंगी एका जागी बसून राहिली, आणि मुंगी एका जागी बसली की घरात सगळ्यांना भीती वाटायची.

"रडायचं नाही," आजोबा म्हणाले. "अडतीस वर्षं नकाशे काढलेत मी. त्या कारकुनाला मी उद्या कागदच दाखवतो. त्याच्या नकाशात चूक झाली असेल, मूळ नोंद बरोबरच असणार. ती काढायची कशी, एवढंच सांग."

मुंगीला ते माहीत होतं. कारकुनाचा नकाशा ज्या मोठ्या नकाशावरून रोज नव्याने येत होता, तो खुला नकाशा होता. खुला म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून काढलेला. तो कुणीही बघावा, त्यातल्या नोंदी कुणीही फुकट उतरवून घ्याव्यात. नुसतं चित्र नव्हे. प्रत्येक रस्ता कुठे सुरू होतो, कुठे वळतो, कुठे संपतो, सगळं आकड्यांत.

"म्हणजे मोजणीची वहीच की," आजोबा खुलले. "आण ती वही."

"त्यासाठी स्क्रिप्ट लिहावी लागेल."

स्क्रिप्ट म्हणजे काय, ते तुम्हालाही सांगतो. संगणकाला लिहून दिलेली कामांची यादी. अमक्याकडे जा, अमुक माग, मिळालं की अमुक नावाने जपून ठेव. संगणक ती यादी तंतोतंत पाळतो. स्वतःचं शहाणपण चालवत नाही. आणि तुम्ही वेडेपणा लिहून दिलात, तर तोही तितकंच मन लावून करतो.

मुंगीने दहा ओळी लिहिल्या. आपल्याला हव्या असलेल्या चौकोनाची खालची, डावी, वरची आणि उजवी कड सांगणारे चार आकडे घातले. शेवटी लिहिलं, की उत्तर आलं नाही तर साठ सेकंद थांब आणि पुन्हा विचार. असं पाच वेळा कर आणि मग सोडून दे. आजोबांना तिने प्रत्येक ओळ समजावून सांगितली. तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली.

"तू जा," आजोबा म्हणाले. "मी नुसती नजर टाकतो."

मुलांनो, मोठी माणसं "नुसती नजर टाकतो" म्हणाली की जेवणाचं ताट घेऊन तिथेच बसा. मुंगी बसली नाही.

आजोबांनी चष्मा पुसला आणि ते चार आकडे पाहिले. पाहता पाहता त्यांच्या कपाळाला आठी पडली. पोरीने हद्द अगदी काटेकोर धरली होती. मोजणी खात्यात असं कुणी केलं असतं तर साहेबांनी उभं केलं असतं. हद्दीच्या पलीकडे चारी बाजूंनी एक साखळी जास्त मोजायची, म्हणजे मागाहून शेजारी भांडत नाहीत, हे आजोबांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी खालच्या आणि डाव्या आकड्यातून एकेक वजा केला, वरच्या आणि उजव्या आकड्यात एकेक मिळवला. एकाने काय होतंय?

मग त्यांची नजर शेवटच्या ओळींवर गेली. पाच वेळा विचार? पाच हेलपाट्यांत कुठल्या कचेरीत कुणाचं काम झालंय? त्यांनी पाचाचे पाचशे केले. आणि दोन हेलपाट्यांमध्ये साठ सेकंद थांबायचं? तेवढ्यात खिडकीतला माणूस चहाला जातो. त्यांनी साठाचं शून्य केलं. आणि मुंगीने दाखवलेलं बटण दाबलं.

आता, आजोबांची एक साखळी म्हणजे वीस मीटर. आणि नकाशाच्या त्या आकड्यांतला एक म्हणजे एक अंश, शंभर किलोमीटरहून जास्त. सतरा घरांची गल्ली मागायची, तर आजोबांनी चारी बाजूंनी शंभर-शंभर किलोमीटर मागितले होते. त्यात तीन शहरं, दोन नद्या, एक धरण आणि किती खेडी आली असतील, ती मोजायला अजून एक मोजणी खातं लागेल.

नकाशाचा तो दूरचा संगणक बिचारा भला. त्याने द्यायला सुरुवात केली. घरातलं इंटरनेट घशात लाडू अडकल्यासारखं घुसमटलं. मध्येच धाप लागून तुटलं, तशी स्क्रिप्टने क्षणाचीही उसंत न घेता पहिल्यापासून पुन्हा मागितलं. पुन्हा तुटलं, पुन्हा मागितलं. आजोबा कौतुकाने बघत होते. असा चिवट शिपाई त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता.

आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

"माझी मीटिंग कुणी बंद पाडली?" जेवण आटोपून कामाला बसलेली आई कानावरचे हेडफोन मानेवर ओढत बाहेर आली. "साहेबांना उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पडद्यावर तशीच गोठले. आठ माणसं पाच मिनिटं माझ्या दाढा बघत बसली होती."

आजोबांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा नेहमीसारखाच फिरत होता.

मुंगी तोंडातला घास गिळत धावत आली. पडद्यावर एकच ओळ उरली होती: या पत्त्यावरून फार मागण्या येत आहेत. तुमचा प्रवेश थांबवला आहे.

"आजोबा, तुम्ही काय बदललंत?"

"बदललं नाही. सुधारलं."

मुंगीने आकडे पाहिले आणि डोक्याला हात लावला. मग तिने भिंतीवरचा देशाचा नकाशा उतरवला, त्यावर बोटाने चौकोन काढून दाखवला आणि म्हणाली, "एवढं मागितलंत. एका सेकंदात तीनतीनदा."

आजोबांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "मग त्याने नीट सांगायचं होतं. प्रवेश थांबवला म्हणे. अडतीस वर्षं मी लोकांना थांबा म्हणत आलो. मला थांबा म्हणणारा हा कोण?"

"बाबा," आई म्हणाली, "दुसऱ्याच्या दारावर कुणी पाचशे वेळा धडका दिल्या तर तुम्ही काय केलं असतंत?"

आजोबा पुटपुटले, की त्यांनी पोलीस बोलावले असते.

दुपारचे चार वाजेपर्यंत त्या दाराची कडी निघाली नाही. उद्याचे बारा तर जवळ जवळ येत होते. त्या वेळात मुंगीने चारही आकडे होते तसे केले, शून्याचे पुन्हा साठ आणि पाचशेचे पुन्हा पाच केले आणि वर आणखी एक ओळ घातली: मागणारा कोण आणि का मागतो आहे. "आपण कोण ते सांगितलं की तेही नीट वागतात," ती म्हणाली. मजकूर आजोबांनी सांगितला. "सेवानिवृत्त मोजणीदार, सोबत नात. हेतू, प्रामाणिक." मुंगीने तो तसाच घातला.

बंदी उठली. मुंगीने बटण दाबलं. चार सेकंदांत फाइल आली.

आजोबांनी भिंग काढलं आणि एकेक नोंद वाचू लागले. मोठा रस्ता होता. चौक होता. चौकातला बाक होता. बाकाला पाठ आहे, असंही लिहिलं होतं. मुतारी होती, तिची वेळ होती. विजेचे खांब एकूण एक होते.

गल्ली नव्हती.

त्यांनी पुन्हा वाचलं. मग भिंग खाली ठेवलं. इतका वेळ तोंड सोडून रागावलेले आजोबा आता हळू आवाजात बोलू लागले, आणि ते जास्त भयंकर होतं. "मुतारीची वेळ माहीत आहे यांना. हे काढलं कुणी? आणि आमच्या गल्लीने त्याचं काय घोडं मारलं होतं?"

मुंगीने आकाशातून घेतलेला फोटो उघडला. त्यांच्या घरांच्या जागी नुसता हिरवागार पुंजका दिसत होता. "झाडं, आजोबा. वरून गल्ली दिसतच नाही. ज्याने काढलं त्याने फोटो बघून काढलं असेल."

"म्हणजे जमिनीवर पाय न ठेवता?" आजोबा उभेच राहिले. "मोजणीला माणूस आलाच नाही? मला कागद दे. मी तक्रार करतो. या नकाशाचा मालक कोण?"

"कुणीच नाही."

"वरचा साहेब?"

"साहेब नसतो. तो सगळ्यांचा आहे. चूक दिसली की कुणीही दुरुस्त करायची."

"मग तक्रार घेतं कोण?"

मुंगीने हात पुढे केला. "द्या माझ्याकडे."

आजोबांनी दीड पान लिहिलं. "उपरोक्त गल्ली जाणूनबुजून वगळण्यात आली असून अर्जदारास अतोनात मनस्ताप झाला आहे" वगैरे. मुंगीने ते उभ्याने वाचलं, खाली "पोचली" असं लिहून सही केली, आणि चपला घातल्या.

आईने आपल्या नावाने खुल्या नकाशात खातं उघडून दिलं. फोनमध्ये चाललेली वाट नोंदवायची सोय होती. ती चालू करून मुंगी गल्लीच्या तोंडापासून निघाली. मागे गुडघे धरत आजोबा. शिंपी दारात आला.

"काय चाललंय, साखळीआजोबा?"

"मोजणी. बाजूला हो, तू हद्दीत उभा आहेस."

"मी वीस वर्षं इथेच उभा आहे."

"कागदावर नाहीस," आजोबा म्हणाले. "थांब, आता येशील."

अंधार पडायच्या आत मुंगीने त्या हिरव्या पुंजक्यावर रेघ ओढली. शिंप्याच्या दुकानापाशी ती डावीकडे वळत होती, तशी वळवली, आणि पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आजोबा मुंगीला घेऊन कारकुनासमोर उभे होते. रात्रभर त्यांनी भाषण तयार केलं होतं. त्यात जबाबदारी, निष्काळजीपणा आणि पूर्वीचे लोक, असे तीन भाग होते. त्यांनी घसा साफ केला.

कारकुनाने नकाशा उघडला, नाक पडद्याजवळ नेलं आणि म्हणाला, "अरे, आहे की." आणि यादीत लिहून टाकलं. थांबा नववा, गल्लीचं तोंड, सकाळी सात दहा.

झालं. भाषणाला जागाच उरली नाही. एवढा मोठा राग आणि तो ठेवायचा कुठे, ते आजोबांना कळेना. त्यांनी तो तसाच धरून ठेवला आणि रुमालाने कपाळ पुसलं.

"काल मात्र नव्हती," कारकून म्हणाला.

"हिने काढली," आजोबा म्हणाले.

कारकुनाने मुंगीकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून, आणि आवाज खाली आणला. "बाळ, हे कुणालाही काढता येतं का गं? नाही म्हणजे, मी राहतो तिथे मागे एक बोळ आहे. नकाशात नाही. सहा वर्षं झाली, मी मागवलेली प्रत्येक वस्तू लाँड्रीवाल्याकडे जाते. गेल्या महिन्यात गादी मागवली. परत आणायला गेलो, तर तो तिच्यावर झोपला होता."

"सहा वर्षं?" आजोबांचा आवाज एकदम चढला. त्यांच्या रागाला अखेर जागा सापडली होती. "आणि तुम्ही गप्प बसलात? त्या बोळाची मोजणी कुणी केली होती? नाव सांगा मला त्याचं."

मुंगी तेवढं ऐकायला थांबली नाही. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढत टेबलाला वळसा घालून पलीकडे नेलं, आणि कारकुनाच्या कोपराला हळूच ढकलून म्हणाली, "काका, थोडं सरका."