चौसष्ट जणांचं एक मनोगत

रविवारी दुपारची जेवणं आटोपली, आणि मैत्रेयी देवस्थळी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून खोटं लिहायला बसली. पाच वाजेपर्यंत पाचशे शब्द हवे होते. विषय कॉलेजनेच दिला होता: 'क्लाउड प्रशिक्षणाने मला काय दिलं?' हे मनोगत दिलं नाही तर सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर गुरुग्रामच्या कंपनीतली सहा महिन्यांची इंटर्नशिप नाही. फॉर्म मंगळवारी बंद होत होता.

प्रशिक्षणाने काय दिलं, याचं खरं उत्तर तिच्या जिभेवर होतं. पंधरा दिवस मयूर विहार ते नोएडा मेट्रोने जाऊन-येऊन तिने विनय सरांच्या तोंडून तीनशे बारा स्लाइड्सचं जाहीर वाचन ऐकलं होतं. आपली माहिती आणि आपली कामं दूरच्या मोठ्या कम्प्युटरवर इंटरनेटवरून चालवायची, त्याला क्लाउड म्हणतात, हे पहिल्या दिवशी समजलं. दुसऱ्या दिवशी समजलं की लॅबमध्ये इंटरनेट नाही. उरलेले तेरा दिवस म्हणजे कोरड्या तलावात पोहण्याचा वर्ग होता. हात असे मारायचे, पाय तसे मारायचे, आणि दमलात की चहा. "यहाँ आप क्लिक करेंगे तो सर्वर चालू हो जाएगा," असं सर म्हणायचे, आणि चौसष्ट मुलं बटणाच्या चित्राकडे टक लावून बघायची. शेवटच्या दिवशी फोटो काढला, तेव्हा बॅनर इतका मोठा निघाला की मागच्या दोन रांगांचे फक्त केस आले.

मनातलं एकदा बाहेर पडू दे म्हणून तिने आधी इंग्रजीत हेच सगळं लिहून काढलं. शिवाय काय शिकवायला हवं होतं, तेही लिहिलं. आठ मुद्दे, अगदी क्रमवार. ते तिने स्वतः घरी बसून शिकून घेतलं होतं.

मागून बाबांनी वाचलं. शांताराम देवस्थळी केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. एकतीस वर्षांत त्यांनी एकही वाक्य कुणाला लागेल असं लिहिलं नव्हतं.

"हे पाठवणार आहेस?"

"नाही हो बाबा. हे असंच. मन मोकळं करायला."

"मग ठीक. अगं, फाईलवरच्या नोटिंगमध्ये खरं लिहायचं नसतं, योग्य लिहायचं असतं. सरक जरा."

बाबांनी वीस मिनिटांत पाचशे शब्द सांगितले. 'सदर प्रशिक्षण अत्यंत उपयुक्त असल्याचे निदर्शनास आले.' मैत्रेयी त्याचं इंग्रजी करत गेली. सगळ्यात वर नाव, रोल नंबर आणि मोबाइल टाकायचा आग्रहही बाबांचाच. "जबाबदारी निश्चित झाली पाहिजे," ते म्हणाले.

सरांनी ग्रुपवर पाठवलेली लिंक तिने उघडली, नाव-नंबर टाकला, खाली मजकूर चिकटवला. झालं.

"आता ते खरं लिहिलेलं पुसू नकोस," बाबा म्हणाले. "कागद फाडायचा नसतो कधी. दुसऱ्या फाईलमध्ये ठेवून दे."

तिने तो मजकूर कॉपी केला, आणि एवढ्यात फोन वाजला. वर्गातला अंशुमन होता.

"यार, मेरा पॅराग्राफ तूने उडाया?"

"मैं क्यों उडाऊँगी? तेरी फाईल मेरे पास थोडी है!"

"तेरे ही पास है. सबके पास है. ध्यान से देख."

तिने बघितलं. तिच्या मजकुराच्या मधोमध कुणाचं तरी 'आय लर्न्ड मेनी थिंग्ज' उमटत होतं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात नावांची रांग लागली होती. खरं तर प्रत्येकाला आपापली प्रत मिळायला हवी होती. सरांनी चौसष्ट जणांना मिळून एकच वही दिली होती, आणि सगळे एकाच पानावर एकाच वेळी लिहीत होते. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या वाक्यात घुसत होतं. 'हे प्रशिक्षण माझ्यासाठी'च्या पुढे कुणीतरी 'रोल नंबर एकोणीस' लिहिलं. विनय सर स्वतः आत आले आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कृपया या फाईलमध्ये लिहू नये.' कुणीतरी तेही पुसलं.

बाबा खुर्ची ओढून बसले. त्यांचे डोळे चमकत होते. "म्हणजे एका फाईलवर सगळे एकदम शेरे मारू शकतात? आमच्याकडे एका शेऱ्याला तीन महिने लागतात गं!"

"बाबा, प्लीज, आत्ता नको."

साडेचार वाजता कुणीतरी सगळं निवडून पुसून टाकलं. पान स्वच्छ. फक्त वर मैत्रेयीचं नाव, रोल नंबर आणि मोबाइल उरला. आता दुसरं कुणी घुसायच्या आत आपलं टाकावं म्हणून तिने घाईघाईने मजकूर पुन्हा चिकटवला.

आणि कोरड्या तलावाचं वाक्य पडद्यावर आलं.

सगळ्यात शेवटी कॉपी केलेला मजकूर तो खरा होता. ती पुसायला गेली, पण त्याच क्षणी फाईलमधली सगळी गडबड थांबली. चौसष्ट जण वाचत होते. मग खाली एक ओळ उमटली: 'एसी चालत नव्हता, तेही लिही.' त्याखाली दुसरी: 'रजिस्टरवर दोनदा सह्या घ्यायचे, तेही.' तिने पुसलं की दुसरा कुणीतरी पूर्ववत करायचा. पंधरा दिवसांत जे वर्गाला जमलं नव्हतं ते अर्ध्या तासात जमलं. कुणी स्पेलिंग सुधारत होतं, कुणी परिच्छेद पाडत होतं. नाव न दाखवता आत आलेल्या एकाने तर पाचवा परिच्छेद असा लिहिला की मैत्रेयीही थक्क झाली. लॅबची इंटरनेट लाइन संचालकांच्या केबिनमध्ये नेली गेली. शिकवणाऱ्याने तीनदा लेखी अर्ज दिला. स्लाइड्स त्याच्या हातात पहिल्या वर्गाच्या आदल्या संध्याकाळी पडल्या.

"हे कुणी लिहिलंय?" बाबांनी विचारलं. "भाषा चांगली आहे. तारखांसकट आहे."

पाचच्या ठोक्याला विनय सरांनी फाईल बंद केली. तेवढं मात्र त्यांना येत होतं.

सोमवारी विभागप्रमुख देविका मॅडमनी तिला बोलावलं. टेबलावर फाईलची छापील प्रत होती, आणि बाजूला विनय सर हात बांधून उभे होते. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर काहीही नाही.

"ये आपका नाम है?"

"जी मॅम. पहले दो पॅराग्राफ मेरे हैं. सॉरी मॅम."

"वो छोडिए. पाँचवाँ किसने लिखा?" मॅडमनी कागदावर बोट आपटलं. "ये बात स्टुडंट्स को पता कैसे चली?"

"मॅम, सच में नहीं पता."

मॅडमनी सरांकडे बघितलं. सरांनी खिडकीकडे बघितलं.

चौसष्ट जणांना शिक्षा करणं शक्य नव्हतं, कारण प्रशिक्षणाला मदत देणाऱ्या संस्थेला त्याच संध्याकाळी अहवाल जायचा होता आणि त्याला चौसष्ट मनोगतं जोडायची होती. मॅडमनी मार्ग काढला. दुपारी दोन वाजता सगळी बॅच लॅबमध्ये बसवली, कम्प्युटर बंद ठेवले, आणि कागद वाटले. क्लाउडने मला काय दिलं, हे चौसष्ट जणांनी निळ्या पेनने, समास सोडून, दोन्ही बाजूंना लिहिलं. मैत्रेयीला बाबांची वाक्यं पाठ होती. तिचं मनोगत सर्वोत्तम ठरलं आणि अहवालात पहिलं लागलं. चार वाजता तिच्या हातात सर्टिफिकेट पडलं. त्यावर तिच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, पण कंपनीने ते चालवून घेतलं.

सर्टिफिकेट घेऊन ती जिना उतरत होती, तेव्हा मागून विनय सर आले. दोन पायऱ्या वरच थांबले.

"पाँचवाँ मेरा था," ते हळूच म्हणाले.

मैत्रेयीने वळून बघितलं. पंधरा दिवस ज्या माणसाची तिने मनातल्या मनात नक्कल केली होती, तो तिच्याकडे जवळजवळ मिंधेपणाने बघत होता.

"आपने जो लिखा था ना, क्या सिखाना चाहिए था, वो आठ पॉइंट... सही थे," सर म्हणाले. मग त्यांनी जिन्यात वर-खाली बघून घेतलं. "अगले हफ्ते से मुझे सायबर सिक्युरिटी का बॅच दिया है. आपको उसमें कुछ आता है?"

"थोडा-बहुत, सर. स्लाइड्स आ गयीं?"

"संडे शाम को आएँगी."

शनिवारी सकाळी अकरा वाजता विनय सर नवी वही घेऊन देवस्थळींच्या घरी आले. आईने पोहे केले. बाबांनी सरांशी हात मिळवला, आणि अर्ज लेखी दिले होते हे कळल्यावर दुसऱ्यांदा मिळवला. मग मैत्रेयी टेबलाच्या एका बाजूला बसली, सर दुसऱ्या बाजूला. तिने पासवर्डपासून सुरुवात केली. सर मान खाली घालून लिहून घेत होते, अक्षर सुवाच्य, महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ. तिच्या मनात आलं, आपल्या बॅचमध्ये इतकं मन लावून कुणीच बसलं नव्हतं, आपणही नाही. तिला जरा बरं वाटलं, आणि आवाजाला आपोआप थोडी धार आली.

तासाभराने सरांनी पेन थांबवून विचारलं, "लेकिन मॅम, अगर चोर के पास पहले से ही चाबी हो, तो फिर ताला किस काम का?"

सर आपल्याला मॅम म्हणाले, हे तिच्या लक्षातही आलं नाही. प्रश्न चांगला होता. उत्तर तिला येत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात बाबा कान देऊन उभे होते.

मैत्रेयीने चष्मा सारखा केला.

"अच्छा सवाल है," ती म्हणाली, "पर ये आपके सिलॅबस में नहीं है. आगे लिखिए."