पाहुण्यांसमोरची भाषा

थ्रेलबेक खोऱ्याच्या बोलीसंग्रहात म्हाताऱ्या आयझॅक बर्केटचं चाळीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण आहे आणि त्यात बोलीतला एकही शब्द नाही. पण असं काही घडलेलंच नाही, असं बोली मंडळानं ठरवलंय. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

संग्रहात नवे शब्द घेणं त्या शनिवारी बंद होणार होतं. आयझॅकला त्यात फक्त बायकोचे, एस्थरचे, शब्द घालायचे होते. ती जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्यासारखं बोलणारा आता तो एकटाच उरला होता, आणि एकटा माणूस मेंढ्यांशी बोलून बोलून किती बोलणार?

त्याच शनिवारी मंडळाच्या मिस प्राउड टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. आयझॅकनं लग्नातला कोट चढवला होता. इथपर्यंत ठीक. पण या डोंगरात पाहुण्यांसमोर घरचं बोलणं म्हणजे त्यांच्यासमोर आतले कपडे वाळत घालणं. यंत्र सुरू होताच आयझॅकच्या तोंडून थेट रेडिओचा निवेदक बोलू लागला.

बुटाला लागतो त्या चिखलाला काय म्हणता, असं बाईंनी विचारलं.

"त्यास कर्दम असे संबोधितात."

"आणि तुमच्या मिसेस काय म्हणायच्या?"

आयझॅकच्या कानात एस्थर कडाडली, 'असे क्लार्टी पाय घेऊन आत आलास तर तंगडी मोडीन, मुडद्या!' तो खाकरला. "त्या खेद व्यक्त करीत असत."

चहाची वेळ झाली. चहा ओतताना यंत्र चालू ठेवणं असभ्य, म्हणून बाईंनी ते बंद केलं. नेमका तेव्हाच एडका स्वयंपाकघरात घुसला, मागून अख्खा कळप. एडक्यानं केक खाल्ला, मग केकखालचा रुमाल. आयझॅकचा बांध फुटला. एस्थरचे एक्केचाळीस वर्षांच्या संसारातले शब्द, शिव्यांसकट, त्यानं एडक्याच्या पाठीत घातले. मग खोऱ्यातल्या जुन्या मोजणीनं, "यान, टॅन, टेथेरा" करत, एकेक मेंढी दाराबाहेर काढली. मिस प्राउड भारावून ऐकत राहिल्या. त्यांच्या एका हातात कप, दुसऱ्यात बशी, आणि यंत्राचं बटण दाबायला तिसरा हात नव्हता. यजमान उभा असताना कप खाली ठेवायला त्यांच्या आईनं शिकवलं नव्हतं.

तो परतल्यावर यंत्र पुन्हा सुरू झालं.

"मघाचं पुन्हा म्हणाल का, मिस्टर बर्केट?"

त्यानं कोटाची बटणं लावली. "मेष प्रस्थान करते झाले."

सोमवारी मंडळाला त्याचं पत्र आलं: 'सदर बोली ही दोघांनी ओढायची करवत असून एका टोकाने चालत नाही. तरी फेरमुद्रणासाठी श्रीमती एस्थर बर्केट यांना समोरच्या खुर्चीत हजर करण्यात यावे. त्या वारल्याची सबब मंडळाने ग्राह्य धरू नये, ही विनंती.'